नावाच्या पट्ट्या

पिक्सार या अमेरिकेतल्या अॅनिमेशन चित्रपटांच्या स्टुडिओत ‘वेस्ट वन’ नावाची बैठकीची मोठी खोली आहे. त्या खोलीत तेरा वर्षं एक लांबच लांब, अरुंद, देखणं टेबल होतं. स्टीव्ह जॉब्स यांच्या पसंतीच्या डिझायनरने निवडलेलं. चालू चित्रपटाची चर्चा असली की तीसेक माणसं त्याच्या दोन्ही बाजूंना पंगतीला बसल्यासारखी बसायची. दिग्दर्शक, निर्माता, कंपनीचे अध्यक्ष एड कॅटमल आणि दोन-चार जुनेजाणते मधोमध, कारण मधल्या माणसालाच दोन्हीकडचं नीट ऐकू येतं. त्यांना मधली जागा हमखास मिळावी म्हणून कुणीतरी नावाच्या पट्ट्या ठेवायला सुरुवात केली. ज्याच्या नावाची पट्टी नाही तो टोकाला. टोकालाही जागा उरली नाही तर भिंतीकडच्या खुर्चीवर. तिथून बोलायचं म्हणजे मान पुढे काढायची, आवाज चढवायचा, कुणाचं तरी तोडायचं. ज्याची पट्टी नाही त्याने कशाला बोलायचं, हे कुणाला सांगावंही लागत नव्हतं.

याच खोलीत कॅटमल वर्षानुवर्षं सांगत होते की आपल्याकडे हुद्दा बघून बोलायचं नाही, सुचेल ते सांगायचं. ते मनापासून सांगत होते. टेबल त्याच्या उलट सांगत होतं आणि माणसं टेबलाचं ऐकत होती. कॅटमल यांना हे दिसलं नाही, कारण मध्ये बसलेल्याला सगळं छान ऐकू येत असतं. एकदा बैठक दुसऱ्या, लहान खोलीत, चौकोनी टेबलाभोवती झाली आणि तिथे बोलणं एकदम मोकळं झालं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी टेबल बदलायला सांगितलं. नवं टेबल आलं. पुढच्या बैठकीला ते आत शिरले, तर नव्या टेबलावरही नावाच्या पट्ट्या मांडून ठेवलेल्या! पट्ट्यांचं कारण संपलं होतं, रिवाज उरला होता. पट्ट्या काढा, असं वेगळं सांगावं लागलं.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमची रापण आठवली. मी पुण्यात मुलांच्या पुस्तकांची चित्रं आणि मांडणी करणारा सात जणांचा गट सांभाळतो. काही वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्यावरच्या एका चित्रपुस्तकात आम्ही रापणीचं, म्हणजे मासे धरायच्या मोठ्या जाळ्याचं, दोन पानी चित्र केलं. होडीत उभा राहून एक माणूस हवेत जाळं भिरकावतोय आणि मागे सूर्य बुडतोय. चित्र सुरेख होतं. मी सगळ्यांसमोर “मस्त झालंय” म्हणालो आणि पुढचं पान घेतलं. पुस्तक छापून आल्यावर आठवड्याभराने, चहाच्या टपरीवर, आमच्यातला सगळ्यात धाकटा, मालवणकडचा मुलगा हळूच म्हणाला, “सर, ती रापण नाही. तो पाग झाला, एकट्या माणसाचा. रापण होडीतून अर्धगोल सोडत नेतात आणि मग किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही टोकं ओढतात. आमच्याकडे अख्खी वाडी ओढायला येते.” मग त्या दिवशी का नाही बोललास, असं विचारलं. तो म्हणाला, “तुम्ही मस्त म्हणालात. मग मी काय बोलणार?”

माझं दार कायम उघडं असतं, असं मी तोवर अभिमानाने सांगत असे. तेव्हापासून पिक्सारचं हे प्रकरण मी पुन्हापुन्हा वाचतो. त्या स्टुडिओच्या प्रतिभेबद्दल खूप लिहिलं गेलंय. मला त्यातली एकच गोष्ट खुणावते. प्रमुखापर्यंत काय पोचत नव्हतं, आणि पोचत नाहीये हे त्याला कसं कळलं?

यशाखाली दडलेली तक्रार

‘टॉय स्टोरी’ २२ नोव्हेंबर १९९५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. संपूर्णपणे संगणकावर तयार केलेला जगातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. आठवड्याभरात पिक्सारचे शेअरही बाजारात आले. कॅटमल यांच्या दृष्टीने ही वीस वर्षांच्या वाटचालीची सांगता होती. १९७४ साली युटा विद्यापीठातून संगणकीय चित्रांवर पीएचडी, मग न्यूयॉर्क, मग जॉर्ज लुकस यांची कंपनी, आणि १९८६ साली जॉब्स यांनी तिथला संगणक विभाग विकत घेतल्यावर जन्मलेली पिक्सार. हा माणूस मुळात संगणकशास्त्रज्ञ. चित्रकार व्हायचं होतं, पण आपला हात तेवढा नाही हे ओळखून विज्ञानाकडे वळलेला. चित्रकारांच्या घरात राहणारा, पण स्वतः चित्रकार नसलेला प्रमुख, ही गोष्ट पुढे फार कामाला आली असं मला वाटतं.

पुढच्या चित्रपटाची, ‘अ बग्ज लाइफ’ची, तयारी सुरू झाली तेव्हा त्यांच्या कानावर आलं की ‘टॉय स्टोरी’वरच्या प्रोडक्शन मॅनेजरांना पुन्हा तसं काम करायचं नाहीये. प्रोडक्शन मॅनेजर म्हणजे वेळापत्रक, पैसे, कुणाचं काम कुणापाशी अडलंय याचा रोजचा हिशेब ठेवणारी माणसं. आपल्या व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत ‘सूत्रधार’ म्हणून ज्याचं नाव येतं आणि ज्याच्याशिवाय ना बस सुटते ना सेट लागतो, त्या जातीची. सगळं जग टाळ्या वाजवत होतं आणि ही माणसं आतून दुखावलेली होती. चित्रकार आणि तंत्रज्ञ आपल्याला दुय्यम समजतात, आपण त्यांच्या वाटेतली धोंड आहोत असं वागवतात, ही त्यांची तक्रार. चार वर्षं ती सगळ्यांनी गिळली, कारण काम ऐतिहासिक होतं आणि ते सोडवत नव्हतं.

कॅटमल यांना धक्का बसला तो तक्रारीपेक्षा तिच्या वयाचा. हे सगळं त्यांच्या नाकाखाली घडलं होतं. ते रोज इमारतीत फिरत, लोकांशी बोलत, दार उघडं ठेवत. कुणीही आत येऊन सांगितलं नव्हतं.

मग ते एकेकाकडे जाऊन बसले. सभा बोलावली नाही, कागदावर प्रश्नावली फिरवली नाही. चित्रकारांकडून उलटी बाजू कळली. मॅनेजर मंडळी प्रत्येक बारीकसारीक गोष्टीत नाक खुपसतात, श्वास घेऊ देत नाहीत. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. मूळ होतं एका साध्या नियमात. चित्रपट नवा, पैसा मोजका, म्हणून सुरुवातीलाच ठरलं होतं की एका विभागाचं दुसऱ्या विभागाशी काही बोलणं असेल तर ते मॅनेजरमार्फत जाईल. अॅनिमेटरला प्रकाशयोजनेच्या माणसाला एवढंसं विचारायचं तरी वर जायचं, आडवं जायचं, खाली उतरायचं. चांगल्या हेतूने लावलेल्या कुंपणाने दोन्हीकडची माणसं एकमेकांची वैरी केली होती.

त्यांनी केलेला बदल सांगायला एका वाक्याचा. कोणीही कोणाशीही, कधीही, थेट बोलायचं. त्याबद्दल कुणालाही ओरडा बसणार नाही. हुद्द्यांची उतरंड कामं आणि जबाबदाऱ्या वाटण्यापुरती. बोलण्याला ती लागू नाही. ऐकायला सोपं आहे, पण यात मॅनेजरांना आणि विभागप्रमुखांना काहीतरी सोडावं लागतं, हे बहुतेक जण विसरतात. आपल्या हाताखालच्या माणसाने तिसऱ्याच विभागात जाऊन काही ठरवलं आणि आपल्याला ते भर बैठकीत पहिल्यांदा कळलं, तर अपमान वाटतो. आपल्याकडे तर फारच. “मला न विचारता?” हा प्रश्न किती कचेऱ्यांत रोज घुमतो! पिक्सारमध्ये प्रमुखांना सवय करून घ्यावी लागली की बातमी उशिरा कळणं म्हणजे मान कमी होणं नव्हे. माझ्या मते या प्रकरणातली खरी नम्रता इथे आहे. वाकून बोलणं, गोड बोलणं, ‘मी कोण मोठा’ म्हणणं यात ती फारशी नसते. आधी कळण्याचा हक्क सोडता येतो का, तिथे ती कळते.

अधिकार नसलेली बैठक

‘टॉय स्टोरी’ वाटतो तितका सरळ झालेला नाही. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी, चित्रपटाला पैसा पुरवणाऱ्या डिस्नेच्या वरिष्ठांना तोवरचं काम दाखवलं गेलं आणि निर्मिती थांबवायची पाळी आली. नायक वूडी, खेळण्यातला काऊबॉय, इतका कुचका आणि आढ्यताखोर झाला होता की कुणालाच तो आवडेना. त्या काळ्या शुक्रवारनंतर कथा पुन्हा उभी करताना पाच जणांचं एक टोळकं जमलं : दिग्दर्शक जॉन लॅसेटर, अँड्र्यू स्टँटन, पीट डॉक्टर, ली अंक्रिच आणि जो रॅन्फ्ट. एकमेकांच्या कामावर तुटून पडायचे, पण माणसावर नाही. पुढे याच टोळक्याला ब्रेनट्रस्ट म्हणू लागले आणि कॅटमल यांनी त्याची कामाची पद्धतच करून टाकली.

दर काही महिन्यांनी अर्धाकच्चा चित्रपट या मंडळींना दाखवायचा. ते काय खटकलं, काय कळलं नाही, कुठे जीव रमला नाही ते सांगतात. दिग्दर्शकाने त्यातलं काहीही ऐकलंच पाहिजे असं नाही. बैठकीला अधिकारच नाही. हे मुद्दाम. सल्ला हुकूम झाला की ऐकणारा बचावात जातो, आणि सांगणाराही जपून सांगतो. चांगला शेरा कसा असावा याचेही त्यांचे संकेत आहेत. दुखणं नेमकं दाखवा, औषध लिहून देऊ नका. ते दिग्दर्शक शोधेल.

जॉब्स कंपनीचे मालक. त्यांनी या बैठकांना यायचं नाही, असं कॅटमल यांनी त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते मान्य केलं. जॉब्स खोलीत असले की बाकीच्यांचे आवाज बारीक होतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. कॅटमल यांच्या धिटाईचं कौतुक होतं, ते ठीकच. मला जॉब्स यांचंही तितकंच वाटतं. ज्याच्या पैशावर हे सगळं उभं आहे त्याने आपल्याच घरातल्या एका खोलीत न जाण्याचं कबूल करणं सोपं नाही.

दुसरा चित्रपट, दुसऱ्या दर्जाची माणसं

आता मुख्य प्रकरण. ‘टॉय स्टोरी २’ सुरुवातीला चित्रपटगृहांसाठी नव्हताच. डिस्नेबरोबर ठरलं होतं की तो थेट घरगुती व्हिडिओसाठी काढायचा. कमी खर्च, कमी अपेक्षा. मुख्य फळी ‘अ बग्ज लाइफ’वर आणि हा चित्रपट नव्या, अननुभवी दिग्दर्शकांकडे. काही काळातच पिक्सारमध्ये एका छपराखाली दोन जाती झाल्या. एक सर्वोत्तम काम करणारी आणि एक ‘चालेल’ असं काम करणारी. चालेल असं काम आम्हाला करायचं नाही, असं लोकांनीच येऊन सांगितलं. वरिष्ठांनी ऐकलं आणि १९९८ च्या सुरुवातीला चित्रपट चित्रपटगृहांसाठी करायचं ठरलं. दर्जा वर नेला, पण चमू तोच ठेवला. ही चूक पुढे कॅटमल यांनी स्वतःच्या नावावर घेतली.

मध्येच एक अपघात घडला. १९९८ च्या हिवाळ्यात कुणीतरी चुकून संगणकाला असा आदेश दिला की चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. पडद्यावर वूडीची टोपी गेली, मग बूट, मग वूडीच गेला. ओरेन जेकब या तांत्रिक प्रमुखाने यंत्रांच्या खोलीत फोन करून सांगितलं, वायर उपटा! तोवर सुमारे नव्वद टक्के चित्रपट गेला होता. बॅकअप काढायला गेले तर कळलं की तो कित्येक आठवडे नीट होतच नव्हता. बैठकीत सगळे सुन्न बसलेले असताना चित्रपटाच्या तांत्रिक पर्यवेक्षक गॅलिन सुस्मन म्हणाल्या, माझ्या घरी एक प्रत असेल. त्यांना नुकतंच बाळ झालं होतं, म्हणून घरून काम करता यावं यासाठी चित्रपटाची प्रत अधूनमधून त्यांच्या घरच्या संगणकावर जात असे. दोघं जण गाडी घेऊन गेले, संगणक घोंगड्यांत गुंडाळला, मागच्या सीटवर पट्टा बांधून बसवला आणि तान्ह्या मुलासारखा सांभाळत आणला. चित्रपट वाचला.

ही गोष्ट सगळीकडे रंगवून सांगितली जाते. तिचा एक तुकडा मात्र बहुतेक जण घाईत ओलांडतात. तो आदेश कुणी दिला, याचा शोधच घेतला नाही. आधी चित्रपट परत आणायचा, मग बॅकअपची व्यवस्था आणि कुणाला काय पुसता येईल याचे नियम सुधारायचे, एवढंच. गुन्हेगार शोधायला बसले असते तर पुढच्या वेळी चूक करणाऱ्याने ती झाकली असती, आणि सुस्मनबाईंच्या घरी प्रत कशी गेली याचीही कदाचित चौकशी झाली असती. आपल्या ओळखीची किती कार्यालयं त्या बैठकीत आधी कुणाचं नाव विचारतील, याचा विचार करून बघावा.

इतक्या आटापिट्याने वाचवलेला तो चित्रपट चांगला नव्हता. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘अ बग्ज लाइफ’ लागला, त्याच्या प्रसिद्धीसाठी लॅसेटर बाहेर होते. परत येऊन त्यांनी ‘टॉय स्टोरी २’ची तयार रिळं पाहिली आणि सरळ कॅटमल यांच्या खोलीत जाऊन सांगितलं, हे वाईट झालंय. कथेचा गाभाच पोकळ होता. वूडीला एक खेळणी जमवणारा पळवून नेतो आणि जपानमधल्या संग्रहालयाला विकणार असतो. वूडी मूळ मालकाकडे, अँडीकडे परत येणार की नाही? येणार, हे तिसऱ्या मिनिटाला प्रेक्षकाला कळतं. मग ताण कसला?

डिस्नेचं म्हणणं होतं की जे आहे ते चालण्यासारखं आहे, आणि वेळ नाही. तारीख हलणार नव्हती. पिक्सारने ठरवलं, नऊ महिन्यांत जवळजवळ नव्याने करायचा. मूळ दिग्दर्शकांना बाजूला व्हावं लागलं. हे वाचताना मला दर वेळी टोचतं. ज्यांना अनुभव नसताना पुढे ढकललं, त्यांना शेवटी मागे काढलं. दोन्ही निर्णय वरच्यांचेच. या प्रकरणातून कॅटमल यांनी काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे. चांगली कल्पना सुमार चमूला दिली तर ती वाया जाते आणि सुमार कल्पना चांगल्या चमूला दिली तर ते ती दुरुस्त करतात नाहीतर फेकून देतात. म्हणून कल्पनेआधी माणसं. मला त्यात एक पुरवणी जोडाविशी वाटते : सुमार चमू आकाशातून पडत नाही. अननुभवी माणसांना कुणाचा हात धरायला दिला होता, हाही प्रश्न असतो.

कथा कशी दुरुस्त झाली ते जवळून बघण्यासारखं आहे. सुरुवातीलाच व्हीझी हा पेंग्विन आणला. त्याची शिट्टी बिघडलीय, म्हणून तो वरच्या फळीवर धूळ खात पडलाय. बिघडलेल्या खेळण्याचं काय होतं ते वूडीला आणि आपल्याला पहिल्या काही मिनिटांतच दिसतं. मग जेसी या बाहुलीची कहाणी. जिच्यावर एका मुलीने जीव ओवाळला आणि मोठी झाल्यावर पेटीत घालून देऊन टाकलं. जेसी हे सगळं एका गाण्यात सांगते, आणि वूडीपुढचा प्रश्नच बदलतो. परत जाऊन काही वर्षं प्रेम मिळवायचं आणि मग फळीवर पडायचं, की संग्रहालयाच्या काचेआड कायमचं जपलं जायचं? आता ताण आहे. आता प्रेक्षकालाही उत्तर सोपं वाटत नाही. कथेतलं भोक इतक्या नेमकेपणाने बुजवायला आधी भोक आहे असं स्वच्छ शब्दांत म्हणावं लागतं, आणि वर्षभर राबलेल्या माणसांसमोर म्हणावं लागतं.

चित्रपट २४ नोव्हेंबर १९९९ रोजी अमेरिकाभर लागला. जगभरात सुमारे ५० कोटी डॉलर मिळवले, समीक्षकांनी पहिल्यापेक्षा सरस म्हटलं. व्यवस्थापनाच्या वर्गात प्रकरण साधारण इथे संपवतात.

कॅटमल मात्र ते इथे संपवत नाहीत, आणि त्यासाठी मी त्यांना मानतो. त्या नऊ महिन्यांत एका सकाळी एक चित्रकार आपल्या बाळाला पाळणाघरात सोडायला निघाला आणि थकव्याने इतका बधिर झाला होता की सरळ कामावर आला. बाळ मागच्या सीटवर तसंच. गाडी उन्हात उभी. त्याची बायकोही पिक्सारमध्येच. काही वेळाने तिने सहज विचारलं, बाळाला नीट सोडलंस ना? दोघं पार्किंगकडे धावले. बाळ बेशुद्ध होतं. थंड पाणी ओतून शुद्धीवर आणलं. बाळ वाचलं, पुढे काही त्रास झाला नाही.

चित्रपट पुरा होईपर्यंत सुमारे एक तृतीयांश लोकांना सतत त्याच हालचाली करून हात-मनगटाची दुखणी लागली होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. उलट घरी जा म्हटलं तरी लोक जात नव्हते. कॅटमल यांनी नंतर कबूल केलं की हे पुन्हा होता कामा नये. माणसं स्वखुशीने जीव टाकत असली तरी त्यांना थांबवणं हे आपलं काम होतं. आम्हाला जमलं, या आनंदात ती दुखणी त्यांनी पुसली नाहीत.

इथे मला वाटतं, मोकळेपणाने बोलण्याची सगळी व्यवस्था असूनही ‘मी थकलोय’ हे वाक्य वर पोचलं नव्हतं. चित्रपटात काय चुकतंय ते कुणीही बोलू शकत होतं. स्वतःबद्दल बोलणं वेगळं पडतं. कथेवरचा शेरा हुशारीचा वाटतो, थकव्याची कबुली कमजोरीची. जो प्रमुख फक्त कामाबद्दल विचारतो त्याला फक्त कामाबद्दलच कळतं.

जे तिथेही पोचलं नाही

हे प्रकरण आरतीसारखं म्हणायचं नसेल तर आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात.

२०१४ साली अॅनिमेशन क्षेत्रातल्या कामगारांनी दावा केला की मोठ्या स्टुडिओंनी एकमेकांची माणसं ओढायची नाहीत असं आपसात ठरवून पगार दाबून ठेवले. त्यात पिक्सार होती. डिस्ने, पिक्सार आणि लुकसफिल्म यांनी २०१७ साली १० कोटी डॉलर देऊन तो दावा मिटवला. कॅटमल यांनी साक्षीत या प्रथेचं समर्थन केलं होतं. ज्या माणसाने टेबलाचा आकार बदलून टोकाच्या माणसाला आवाज दिला, त्यालाच त्याच माणसाच्या पगाराच्या बाबतीत त्याची बाजू दिसली नाही. दुसरी गोष्ट लॅसेटर यांची. २०१७ साली, आपल्या वागण्याने काही सहकाऱ्यांना अवघडल्यासारखं झालं हे मान्य करत ते रजेवर गेले आणि २०१८ अखेर कंपनीतून बाहेर पडले. कथेवर निर्भीडपणे बोलू शकणाऱ्या घरात या विषयावर किती वर्षं कुजबुजच चालली असेल!

म्हणून कॅटमल यांचं मोठेपण माझ्या लेखी कमी होत नाही, पण त्याची जागा नीट ठरते. त्यांनी दिसलं तिथे दुरुस्त केलं. दिसण्यासाठी दर वेळी काहीतरी वेगळं घडावं लागलं : एखादी नाराजी, एखादी चुकून दुसऱ्या खोलीत झालेली बैठक, एखादं बाळ. २०१३ च्या ११ मार्चला त्यांनी एक दिवस सगळं काम बंद ठेवून हजाराहून अधिक लोकांना लहान-लहान गटांत बसवलं आणि कंपनीत काय बदलायला हवं ते विचारलं. तोपर्यंत सतरा वर्षं स्टुडिओचे एकामागून एक चित्रपट गाजत होते. तरी त्यांना वाटलं की मोकळेपणा आटत चाललाय. नव्याने आलेली माणसं जुन्या यशाला दबून असतात. गप्प राहतात ती आदरापोटी, आणि आदराची चुप्पी ओळखू येत नाही.

गॅलिन सुस्मन यांना २०२३ साली पिक्सारने केलेल्या कपातीत नोकरी गमवावी लागली. एकूण ७५ जणांत त्या होत्या. कॅटमल तोवर निवृत्त झाले होते.

आमच्याकडे

आमचं टेबल मुळातच लहान आहे, त्यामुळे ते बदलायचा प्रश्न नव्हता. पण माझी खुर्ची मोठ्या पडद्यासमोर होती आणि पानं मीच सरकवत असे. पान सरकवणारा माणूस कधी बोलणं संपलं ते ठरवतो, हे मला रापणीनंतर कळलं. आता पानं सरकवायचं काम दर सोमवारी वेगळ्याकडे असतं. मी सगळ्यांत शेवटी बोलतो. पहिले काही आठवडे खोलीत इतकी शांतता असायची की पंखा ऐकू यायचा. मी ती शांतता भरून काढायचा मोह कसाबसा आवरला. तिसऱ्या-चौथ्या सोमवारी एक जण म्हणाली की डोळे सगळ्यांचे सारखेच झालेत, आजीचे आणि नातीचे. खरंच होते. मग दुसरा बोलला.

आणखी एक सोय केली. पक्की चित्रं दाखवायची नाहीत, कच्चीच दाखवायची. पिक्सारमध्ये रोज सकाळी अपुरं काम सगळ्यांसमोर मांडतात, त्यावरून घेतलेलं. पक्क्या चित्रावर बोलायला माणूस कचरतो, कारण समोरच्याची मेहनत दिसते. कच्च्या रेघेवर बोलणं सोपं जातं. दोघांनाही.

मालवणचा मुलगा अजून आमच्याकडे आहे. गेल्या महिन्यात मी स्वतः काढलेलं एक कच्चं चित्र भिंतीवर लावलं होतं : खडकावर बसून कालवं काढणारी बाई, पाणी तिच्या घोट्यापाशी खेळतंय. सगळ्यांना ते आवडलेलं दिसत होतं. तो थोडा वेळ बघत राहिला आणि मग सगळ्यांसमोर म्हणाला, “सर, एवढं पाणी असताना कुणी जात नाही. खडक उघडे पडायला हवेत.” पेन्सिल घेऊन उठला आणि माझ्या चित्रावरच, मला न विचारता, ओहोटीची रेघ ओढली.